वाचकांचे प्रश्न : सॉफ्टबॉलच्या सरांची कारकीर्द कागदावर कशी मांडायची?

आमच्या कॉलेजचे सॉफ्टबॉलचे सर या मे अखेरीस निवृत्त होत आहेत. आम्ही माजी खेळाडू गौरव अंक काढतोय. बावीस वर्षांची प्रमाणपत्रं, फोटो, कात्रणं जमली आहेत. पण संघाने किती मॅच जिंकल्या, याचा आकडा प्रत्येक जण वेगळा सांगतो. नोंद कशी करावी?
– माजी खेळाडू, सातारा

आधी कपाटातल्या ट्रॉफ्या बाजूला ठेवा आणि जिमखान्यातल्या स्कोअरबुकच्या वह्या शोधा. ट्रॉफीवर फक्त शेवट कोरलेला असतो, वहीत सगळी मॅच असते.

एका वर्षाला एक ओळ धरा. वर्ष शैक्षणिक धरायचं, म्हणजे २०१८-१९ असं. पावसाळ्यानंतरचा हंगाम डिसेंबर ओलांडून गेला तर कॅलेंडर वर्षाने एकाच संघाचे दोन तुकडे होतात. ओळीत तीन रकाने करा : विभागीय, आंतरविभागीय आणि आंतरविद्यापीठ. शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत आधी जिल्ह्याच्या विभागात खेळायचं, मग सातारा, सांगली, कोल्हापूरचे विभाग एकमेकांशी खेळतात आणि त्यानंतर विद्यापीठाचा संघ निवडला जातो. हा तिसरा रकाना जपून भरा. विद्यापीठाच्या संघात अनेक कॉलेजांचे खेळाडू असतात, त्यामुळे त्या संघाचे विजय तुमच्या कॉलेजच्या बेरजेत येत नाहीत. गौरव अंकांत सर्वाधिक गफलत इथेच होते. सर विद्यापीठ संघाचे प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक म्हणून गेले असतील तर त्याला वेगळं शीर्षक द्या. तुमच्यातले जे निवडले गेले, त्या कलर होल्डर खेळाडूंची यादी वर्ष आणि जागेसह स्वतंत्र छापा. नावं प्रमाणपत्रावर आहेत तशीच घ्या; लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची दोन्ही नावं द्या.

बाय मिळाली, म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत गेलात, तर तो विजय नाही, कारण मॅचच झाली नाही. प्रतिस्पर्धी आला नाही म्हणून पुढे चाल मिळाली तर नियमाने ७-० असा निकाल लागतो. तो विजयांत धरा, पण शेजारी ‘पुढे चाल’ लिहा आणि त्या सात धावा कुणाच्याही बॅटिंगमध्ये घालू नका. रन-अहेड नियमाने लवकर संपलेली मॅच मात्र पूर्ण मॅचच आहे. आंतरराष्ट्रीय नियमात तीन इनिंगनंतर १५, चार इनिंगनंतर १० किंवा पाच इनिंगनंतर ७ धावांची आघाडी असेल तर खेळ तिथेच थांबतो.

कात्रणांबाबत एक सावधगिरी. आपल्याकडे बातमीत ‘५-१ होमरनने विजय’ असं सर्रास छापून येतं. त्याचा अर्थ पाच धावा, पाच होमरन (एकाच फटक्यावर सगळे बेस फिरून येणं) नव्हेत. ते तसंच उतरवलंत तर सरांच्या संघाच्या नावावर शेकडो होमरन चढतील आणि खेळ जाणणारा वाचक पुढचं पानही उलटणार नाही.

टक्केवारी काढताना बरोबरीची मॅच अर्धी धरतात. समजा ११९ मॅच, ८४ विजय, ३३ पराभव, २ बरोबरी : ८४ अधिक १ म्हणजे ८५, भागिले ११९, उत्तर ०.७१४. ज्या वर्षाची वहीच मिळत नाही ते वर्ष आठवणीवर भरू नका, ‘नोंद उपलब्ध नाही’ लिहा. कोविडमुळे मॅच झाल्या नसतील तर तेही कारणासह लिहा, नाहीतर रिकामी ओळ अपयशासारखी दिसते.

परदेशी आकड्यांशी तुलना करण्याचा मोह टाळा. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे सॉफ्टबॉल प्रशिक्षक माइक कँड्रिया यांची आठ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, पहिलं १९९१चं आणि शेवटचं २००७चं. ओक्लाहोमाच्या प्रशिक्षक पॅटी गॅसो यांचा २०२३चा संघ ६१ मॅच जिंकला आणि एकच हरला. तिथे एका हंगामात पन्नास-साठ मॅच होतात. आपल्याकडे बाद पद्धतीत एक वाईट इनिंग आली की वर्ष संपलं. तीन-चार मॅच जिंकल्या की करंडक हातात. म्हणून आमच्या मते आपल्या प्रशिक्षकाचं मोठेपण मोजायला दुसरी कसोटी हवी : पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, किती घडवले? कॉलेजची एक पिढी तीन वर्षांत निघून जाते. दर तीन वर्षांनी नवा पिचर उभा राहिला असेल आणि संघ वरच्या फेरीत टिकला असेल, तर ते सरांचं काम. एकाच गुणी पिचरच्या तीन वर्षांत सगळे करंडक आले असतील तर श्रेयाचा मोठा वाटा त्या खेळाडूचा. यादी पिचरवार मांडून बघा, उत्तर लगेच दिसेल.

जुन्या वहीत ‘६-४-३’, ‘के’, ‘ई-६’, ‘५.२’ असं काय काय लिहिलंय. ते वाचायचं कसं? पिचरची सरासरी त्यातून काढता येईल का?
– मिरज

आकडे जागांचे आहेत : १ पिचर, २ कॅचर, ३ पहिला बेस, ४ दुसरा, ५ तिसरा, ६ शॉर्टस्टॉप, ७ लेफ्ट, ८ सेंटर, ९ राइट. ६-४-३ म्हणजे शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर, आणि दोघी आउट. ‘के’ म्हणजे स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद. तो उलटा काढला असेल तर तिसरा स्ट्राइक बॅट न फिरवता गेला. ‘ई-६’ ही शॉर्टस्टॉपची चूक.

‘५.२’ला बहुतेक जण फसतात. तो दशांश नाही. पाच इनिंग आणि सहाव्या इनिंगचे दोन आउट, म्हणजे पाच पूर्णांक दोन तृतीयांश. सरासरीसाठी अर्न्ड रन गुणिले ७, भागिले टाकलेल्या इनिंग. चार अर्न्ड रन असतील तर २८ भागिले ५.६६७, उत्तर ४.९४. थेट ५.२ने भागलंत तर ५.३८ येतं आणि पिचरवर विनाकारण अन्याय होतो. बेसबॉलच्या सवयीने सातऐवजी नऊने गुणू नका; सॉफ्टबॉलची मॅच सात इनिंगची असते. क्षेत्ररक्षणाच्या चुकीमुळे आलेली धाव अर्न्ड नसते.

पान बरोबर लिहिलंय का, याचा ताळा सोपा आहे. प्लेटवर आलेल्या बॅटर बरोबर धावा अधिक बेसवर अडकलेल्या अधिक आउट. ३१ जणी आल्या, २१ आउट, ४ धावा, तर ६ जणी बेसवर अडकलेल्या असायलाच हव्यात. पाच निघाल्या तर एक चौकोन चुकलाय. बॅटिंग सरासरी काढताना वॉक (चार बॉलवर मिळालेला बेस), चेंडू लागून मिळालेला बेस आणि सॅक्रिफाइस (स्वतः आउट होऊन धावणारीला पुढे नेणारा फटका) वगळा : २८ अ‍ॅट-बॅटमध्ये ९ हिट म्हणजे ०.३२१.

आमच्याकडे खो-खोच्या पाच आणि क्रिकेटच्या सहा मुली आहेत. सॉफ्टबॉल कुणीच खेळलेलं नाही, पिचर नाही. दोन महिन्यांत संघ उभा राहील का?
– क्रीडाशिक्षिका, तासगाव

उभा राहील, मॅडम. स्मृती मानधनाच्या सांगलीत मुली क्रिकेटकडून येणार हे साहजिकच आहे, आणि खो-खो तर या मातीतलाच.

खो-खोच्या मुली बेसवर उत्तम धावतात, पण त्यांना दोन गोष्टी मोडून शिकवाव्या लागतात. चेंडू पिचरच्या हातातून सुटायच्या आत बेस सोडला तर आउट. आणि पहिल्या बेसवर वेग कमी करायचा नाही, सरळ पुढे धावत जायचं. दुसऱ्या-तिसऱ्यावर मात्र पुढे गेलं की टॅग होतो, म्हणजे फिल्डर चेंडूने स्पर्श करून आउट करते. दुहेरी बेस असेल तर धावणारीने नारिंगी भाग आणि फिल्डरने पांढरा भाग वापरायचा. तो नसला की धडक होते आणि घोटे जातात.

क्रिकेटच्या मुली हिट मारून बॅट हातात घेऊन पळतात. बॅट खाली सोडायची, भिरकवायची नाही. फोर्स आउटला, म्हणजे धावणारीला पुढच्या बेसवर जाणं भागच असतं तेव्हा, टॅग लागत नाही, चेंडू हातात घेऊन बेसला पाय लावला की पुरे, हे त्यांना सुरुवातीला पटत नाही. ग्लोव्हमध्ये घेऊन दुसऱ्या हाताने काढून फेकणं, याचा सराव रोज पन्नास वेळा भिंतीवर करून घ्या.

पिचर निवडताना वेगवान बॉलर घेऊ नका. तिचा हात वरून सुटायला सवकलेला असतो. लांब हाताची, शांत डोक्याची मुलगी घ्या, आणि एक नव्हे, दोन. पहिले दहा दिवस तीन मीटरवरून फक्त मनगटाचा झटका : हात मांडीजवळ, चेंडू बोटांच्या टोकांवरून फिरत सुटला पाहिजे. मग पाच मीटर, मग पूर्ण चक्र आणि शेवटी १३.११ मीटर. दोन्ही पाय पिचरच्या प्लेटवर, हात जुळवायचे, मग एकच पाऊल पुढे. हात कानाजवळून वर आणि कमरेला घासून खाली आला पाहिजे. चेंडू उंच जातोय तर तो उशिरा सुटतोय. खाली टप्पा पडतोय तर लवकर. डावी-उजवीकडे भरकटतोय तर हाताचं चक्र शरीरापासून दूर गेलंय. मागचा पाय उडी मारून नव्याने रोवला गेला तर पंच अवैध पिच देतात, ते आत्ताच थांबवा. आठवड्याला तीन दिवस, दिवसाला साठ ते ऐंशी चेंडू बस. खांदा दुखतो म्हणाली की त्या दिवशी बंद.

दुसरा चेंडू म्हणून चेंजअप शिकवा. चेंडू तळहातात खोल धरायचा, हाताचा वेग तोच, चेंडू मात्र हळू. ताशी ८० किलोमीटरचा चेंडू पिचरचं पाऊल धरता बॅटरला जेमतेम अर्धा सेकंद देतो; तेवढ्या वेळात हळू चेंडू ओळखून बॅट थांबवणं अवघड असतं. ड्रॉप, म्हणजे बॅटरजवळ येऊन खाली पडणारा चेंडू, पुढच्या वर्षी.

काळ्या मातीच्या मैदानावर डायमंड (चार बेसचा चौकोन) आखायचा आहे. मापं आणि काळजी सांगा.
– सांगली

होम प्लेटच्या मागच्या टोकावर टेप धरा. तिथून दुसरा बेस सरळ २५.८६ मीटर. त्याच रेषेवर १३.११ मीटरवर पिचरच्या प्लेटची पुढची कड. आता एकाने होमवर आणि दुसऱ्याने दुसऱ्या बेसवर टेप धरायची, दोन्हींची १८.२९ मीटरची खूण जिथे मिळेल तो पहिला बेस आणि पलीकडे तिसरा. पिचरभोवती २.४४ मीटर त्रिज्येचं वर्तुळ. सुतळी ताणलेली असू द्या, ढिली पडली की होमजवळ काटकोन बिघडतो आणि फाउल-फेअरवरून भांडणं होतात.

काळी माती वाळली की भेगा पडतात, मग जमिनीवरून येणारा साधा ग्राउंडर उसळून दातांवर येतो. आतल्या भागावर बारीक चाळलेला मुरूम पसरा, पाणी मारून रोलर फिरवा आणि मॅचआधी लोखंडी दाताळं ओढा. पावसानंतर चिखल बुटाला चिकटत असेल तर त्या दिवशी सराव नकोच. त्या वेळी उमटलेले पाय वाळून दगड होतात. आखायला फक्की वापरा, कळीचा चुना नाही. मुली बेसवर सरपटत येतात, तो डोळ्यांत गेला तर डोळा भाजतो.