सैनिकी प्रशिक्षण संस्थेच्या इमारतीला ‘प्रशासकीय मान्यता’ मिळाली, मग काम का सुरू होत नाही?

प्रशासकीय मान्यता म्हणजे एवढ्या खर्चाचं काम करायला शासनाने दिलेला होकार. त्यानंतर सार्वजनिक बांधकाम विभाग सविस्तर अंदाजपत्रक तपासून तांत्रिक मान्यता देतो. मग निविदा, आणि शेवटी कार्यारंभ आदेश. तो निघेपर्यंत कुदळ लागत नाही. प्रकरणं बहुधा जागेपाशी अडतात: सातबारा, मोजणी, अतिक्रमण. मान्यतेच्या शासन निर्णयात लेखाशीर्ष (खर्च कुठल्या खात्यातून होणार ते) आणि तरतूद आधी बघा; रक्कम नुसती मंजूर असणं वेगळं, बजेटमध्ये असणं वेगळं.

संभाजीनगरची एसपीआय (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट) 1977 पासून आपल्या पोरांना एनडीएसाठी (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) घडवतेय, म्हणून मराठवाड्यात असं काम रखडलं की जीव तुटतो. 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, पत्रव्यवहाराच्या आणि टिपणीच्या प्रती मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.