बाहेरून बसवलेल्या अलॉय व्हील्सना गंज चढलाय, रिफिनिश करू की नवीन घेऊ?

गंज फक्त वरच्या थरात असेल तर रिफिनिश करा, म्हणजे जुना थर काढून नवा चढवून घ्या; चाकाला तडा असेल, ते वाकलेलं असेल किंवा टायर बसतो ती कड खोलवर खाल्ली गेली असेल तर नवीनच घ्या. अलॉय व्हील्स सहसा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात आणि ॲल्युमिनियमवर लाल गंज नसतो. क्लिअर कोटला, म्हणजे वरच्या पारदर्शक थराला, ओरखडा पडला की तिथून ओल आणि मीठ आत शिरतं आणि कोटखाली पांढरट, धाग्यांसारख्या रेषा पसरत जातात. दिसायला वाईट, पण चाकाची ताकद सहसा शाबूत असते. खरं दुखणं बहुधा बाहेरून दिसतच नाही, म्हणून टायर उतरवून आतली कड बघायला सांगा. दर आठवड्याला हवा कमी होत असेल तर संशय तिथेच. कडेवरचा हलका गंज घासून साफ करता येतो, खोल खड्डे पडले असतील तर नाही.

रिफिनिश करणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: जुना थर पूर्ण काढणार का, आणि पावडर कोट (भाजून पक्का केलेला पावडरीचा रंग) किती तापमानाला भाजणार? साधारण 200 अंश सेल्सिअस ठीक. त्याच्या फार वर गेलं तर उष्णता-प्रक्रिया केलेला मिश्रधातू मऊ पडतो. तडा वेल्डिंगने भरून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. क्रोमचा मुलामा सुटत असेल तर तो नीट काढून पुन्हा चढवणं इतकं खर्चिक पडतं की नवीन चाक परवडतं.

एक मात्र आहे: चाकाच्या मागे भारक्षमतेचा आकडाच नसेल, तर गंज कितीही किरकोळ असो, मी त्यावर पैसे घालणार नाही.