हुज्जत घातली, वाद झाला की नुसतंच वाजलं?

गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या सचिव विचारतात : ‘आमच्या सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदांनी इमारतीच्या रंगकामाचा हिशेब विचारला, पावत्या मागितल्या. खजिनदारांना ते लागलं. दोघांचे आवाज चढले, अर्धा तास त्यातच गेला. इतिवृत्तात मी लिहिलं, “सदर सभासदांनी खजिनदारांशी हुज्जत घातली.” आता ते सभासद म्हणतात, मी हुज्जत घातली नाही, वाद झाला, तसं लिहा. अध्यक्ष म्हणतात, वाद कसला, किरकोळ कुरबूर होती. तळमजल्यावरच्या काकू म्हणतात, चांगली बाचाबाची झाली, मी कानांनी ऐकलीय. शेवटी सगळ्याचा अर्थ एकच ना?’

नाही ताई, एकच नाही. आणि ते सभासद बरोबर आहेत.

‘हुज्जत’ हा शब्द नेहमी दुसऱ्याच्या नावावर पडतो. ‘आज बँकेत जाऊन हुज्जत घालून आलो’ असं स्वतःबद्दल कोणी सांगत नाही. माणूस म्हणतो, ‘भांडून आलो’, ‘चांगलं सुनावून आलो’. हुज्जत घालतो तो समोरचा. पेपरात ‘वाहतूक पोलिसाशी हुज्जत’ अशी बातमी येते, कंडक्टरशी हुज्जत घातली जाते, फाटकावरच्या वॉचमनशी घातली जाते. प्रत्येक वेळी एक जण आपलं काम करतोय आणि दुसरा उगाच त्याला अडवतोय, असं चित्र त्या एका शब्दात उभं राहतं. म्हणजे तुम्ही ‘हुज्जत’ लिहिलंत तेव्हा घडलेली गोष्ट नोंदवली नाहीत, निकाल दिलात : खजिनदार बरोबर, सभासद चूक. इतिवृत्त लिहिणाऱ्याला तो अधिकार नाही.

या शब्दाचा उगम पाहिला तर त्या सभासदांची बाजू आणखी बळकट होते. ‘हुज्जत’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि अरबीत ‘हुज्जा’ म्हणजे पुरावा, आपलं म्हणणं सिद्ध करणारा युक्तिवाद. तुमचे सभासद पावत्याच मागत होते! मूळ अर्थाने त्यांनी हुज्जत मागितली होती. मराठीत येईपर्यंत पुराव्याचा आग्रह धरणारा माणूस कटकट्या ठरला आणि शब्दाचा रंग उतरला.

तंट्याच्या शब्दांपैकी बरेच असे कचेरीच्या वाटेने आलेले आहेत. कज्जा, दावा, फिर्याद, मामला, फैसला, सगळी अरबी-फारसी मंडळी. त्यांतला ‘तक्रार’ मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. अरबीत ‘तकरार’ म्हणजे पुनरावृत्ती, तेच तेच पुन्हा करणं. दोघं तेच तेच पुन्हा बोलू लागले की भांडणच होतं, म्हणून उर्दू-हिंदीत तकरार म्हणजे तोंडातोंडी. मराठीने मात्र तो शब्द कागदावर नेला. आपल्याकडे तक्रार अर्जात असते, वहीत असते, तिला क्रमांक मिळतो, तिचं ‘निवारण’ होतं. शेजारचे हिंदी बोलणारे भाऊ ‘हमारी तकरार हुई’ म्हणाले, तर त्यांनी कुठे अर्ज दिलाय असं समजू नका. त्यांचं नुसतं वाजलंय.

‘वाजलं’वर मला थोडं थांबायचं आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर नामांपेक्षा क्रियापदांत आहे.

मी वाढलो पंचवटीतल्या वाड्यात. सात बिऱ्हाडं, मधे चौक, चौकात एक नळ. पाणी ठरल्या वेळी यायचं आणि ठरल्या वेळेआधी जायचं. आजी कळशी घेऊन परत आली की एवढंच म्हणायची, ‘आज नळावर वाजलं.’ कोणाचं? ‘मधल्या खोलीतल्यांचं आणि माडीवरच्यांचं.’ कोणी सुरुवात केली, कोण चुकलं, यातलं काही त्या वाक्यात नसायचं. आजीला ते माहीत नसायचं असं नाही, ती तिथे उभीच होती. पण ‘वाजलं’ या क्रियापदाला कर्ता लागत नाही. भांडी एकमेकांवर आपटली की वाजतात, तसं दोन घरांचं वाजतं. संध्याकाळी त्याच दोघींबरोबर आजीला गंगेवर जायचं असायचं (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), आणि तिच्या तोंडून बाहेर पडलेलं वाक्य वाड्यात कुठेही पोचलं तरी कोणाला टोचणारं नव्हतं.

मराठीत अशी बिनकर्त्याची क्रियापदं किती आहेत पाहा. ‘त्यांची जुंपली.’ हा बैलांवरून आलेला शब्द, आणि जुंपायला दोघं लागतात. ‘खटका उडाला.’ कोणी उडवला ते सांगायची गरज नाही. ‘काहीतरी बिनसलं.’ यात तर आवाजसुद्धा नाही. जिन्यात समोरासमोर आल्यावर एकाने मान खाली घातली, तेवढ्यावरून बाकीच्यांना कळलं की बिनसलंय. ‘त्यांचं फाटलं’ हे त्याच्या पुढचं.

आता याच्या शेजारी ‘घालणे’ ठेवून बघा. हुज्जत घातली, वाद घातला, धिंगाणा घातला, घोळ घातला. इथे कर्ता ‘ने’ लावून समोर उभा केला जातो, चुकवायची सोय नाही. ‘घालणे’ मुळात वाईट नाही. जेवायला घालतात, बाळाला अंघोळ घालतात, देवीचा गोंधळ घालतात. पण गोंधळसुद्धा देवीच्या अंगणातून सभेत आला की ‘सभासदांनी गोंधळ घातला’ हा आरोप होतो. म्हणून ‘वाद झाला’ आणि ‘वाद घातला’ यांत अंतर आहे. तुमच्या सभासदांनी ‘वाद झाला’ लिहा म्हटलं, ‘मी वाद घातला असं लिहा’ म्हटलं नाही. त्यांचा कान चांगला आहे.

‘वाद’ हा शब्दही मागून घेण्याजोगाच आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, बोलण्याच्या झटापटीचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते ठरवण्यासाठी प्रमाणं देऊन केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी, शब्दांचा छल करूनही केलेला तो जल्प. आणि स्वतःची बाजू काहीच न मांडता समोरच्याची फक्त मोडत बसणं ही वितंडा. जल्प मराठीच्या रोजच्या बोलण्यातून गेला, वितंडा ‘वितंडवाद’ होऊन राहिली आणि ‘वाद’ या दोन्हींचा भार उचलत खाली घसरला. पार्किंगच्या पट्ट्यावरून सोसायट्यांत जे चालतं त्यातलं पुष्कळसं जल्पात जातं. हिशेबाच्या पावत्या मागणं मात्र जुन्या, चांगल्या अर्थाने वादच आहे.

काकूंच्या ‘बाचाबाची’कडे येऊ. हा शब्द मला फार आवडतो. त्यात ‘वाचा’ आहे; व चा ब झाला आणि शब्द दुमडून एकमेकांसमोर उभा राहिला. ही घडण जुनी आहे. संस्कृतात एकमेकांचे केस धरून झालेली लढाई म्हणजे ‘केशाकेशि’, काठ्यांनी झालेली ‘दण्डादण्डि’, आणि पाणिनीने या प्रकारच्या समासासाठी वेगळं सूत्र दिलं आहे. त्याच वळणावर मराठीत मारामारी, ओढाओढी, झोंबाझोंबी, गुद्दागुद्दी आणि बाचाबाची. या घडणीतच ‘दोघांनीही केलं’ हे बसलेलं आहे. म्हणून ‘सभासदांनी बाचाबाची केली’ हे वाक्य कानाला खटकतं; ‘दोघांत बाचाबाची झाली’ हेच मराठी. काकूंनी ‘झाली’ म्हटलं, बरोबर म्हटलं. जाता जाता एक : बातम्यांत ‘शाब्दिक बाचाबाची’ लिहितात. बाचाबाची शब्दांचीच असते, त्यातला ‘शाब्दिक’ काढून टाकावा. हात उचलला गेला तर ती हाणामारी.

पण बाचाबाचीत शब्द धारदार असावे लागतात. तुमच्या सभेत कोणी एकेरीवर आलं का? आपल्या सोसायट्यांत सगळे एकमेकांचे काका, काकू, भाऊ, वहिनी असतात आणि चढ्या आवाजातही ‘अहो काका, ऐकून तर घ्या’ चालू राहतं. ‘काका’ गळून जिथे ‘ए’ येतं, ‘अरे’ला ‘का रे’ येतं, तिथे पायरी बदलते. हिंदीतल्या हमारी-तुम्हारीवरून आलेला ‘हमरीतुमरी’ हा शब्द त्याच पायरीसाठी आहे. तुमच्या पत्रात तसं काही नाही, म्हणून मी काकूंचा शब्द घेणार नाही.

अध्यक्षांची ‘कुरबूर’ही नाही. कुरबूर, धुसफूस, किरकिर, कचकच हे नादाचे शब्द. कुरबूर समोरासमोर होत नाही, ती मागे चालते, आणि ‘चालू असते’. जिना झाडला नाही म्हणून दोन महिने जी नाराजी दाराआड बोलली जाते, ती कुरबूर. भर सभेत अर्धा तास उभं राहून हिशेब मागणं म्हणजे कुरबूर संपल्याची खूण आहे. अध्यक्षांना प्रकरण लहान करायचं होतं हे मी समजू शकतो. पण मोठी गोष्ट लहान शब्दात घालणं हाही त्या सभासदांवर अन्यायच.

राहिलं ‘भांडण’. तुमच्याकडे हा शब्द कोणीच सुचवला नाही, आणि आपल्या समाजात तो सुचवला जात नाहीच. बखरींत आणि जुन्या पत्रांत भांडण म्हणजे चक्क लढाई, फौजांची. नंतर ते नळावर आलं. पण गंमत पाहा, ‘भांडण’ या नामाची लाज वाटते आणि ‘भांडणे’ या क्रियापदाचा अभिमान वाटू शकतो. ‘टँकरसाठी मी एकटी भांडले’ हे बाई मान वर करून सांगते. ‘टँकरवरून माझं भांडण झालं’ म्हणताना तीच बाई आवाज खाली आणते. आणि ‘भांडले’ला ‘ने’ लागत नाही. मी भांडले, तो भांडला. हुज्जत मात्र त्याने घातली.

सरकारने ‘तंटा’ निवडला. 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हापासून हा शब्द गावोगावच्या फलकांवर आहे. तंटा मिटवतात, सोडवतात, त्याला समिती असते. बांधाचा तंटा शोभतो. रंगकामाच्या हिशेबाला तो फार मोठा होईल.

आणि तरुण सभासदांपैकी कोणी ‘राडा झाला’ म्हटलं असेल तर त्यांनाही सांगा, राडा म्हणजे मूळचा चिखल. पावसात अंगणाचा होतो तो. फ्लॅटची मोडतोड करून कोणी पार्किंगमध्ये विटांचे तुकडे टाकून ठेवतं आणि फलकावर सूचना लागते, ‘राडारोडा त्वरित उचलावा’, त्यातला राडा हाच. चिखलात पाय घसरावेत तसा शब्द मारामारीपर्यंत गेला.

आणखी एक जोडी इतिवृत्त लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावी. ‘दोघांत बोलाचाली झाली’ म्हणजे ते भांडले. ‘दोघांत बोलचाल नाही’ म्हणजेही ते भांडले आहेत. एका ‘आ’ची आणि एका ‘ई’ची काय ती भर. बोलाचाली घटकाभराची असते. बोलचाल बंद होते ती वर्षानुवर्षं, आणि तिच्यासाठी मराठीने ‘अबोला’ हा शब्द घडवला आहे. अबोला ‘धरतात’, हट्ट धरावा तसा. आमच्या वाड्यात वाजायचं रोज, पण अबोला मला एकच आठवतो. तो नळावरून नव्हता. एका काकूंबद्दल कोणीतरी ‘त्या कजाग आहेत’ असं तिसऱ्याच घरी म्हटलं होतं, आणि तो शब्द फिरत फिरत त्यांच्या दारी आला होता. ‘कजाग’ हा ‘कज्जा’वरून आला असं अनेकांना वाटतं, पण तो तुर्की ‘कझाक’वरून आलेला आहे, आणि उत्तर हिंदुस्थानात कज्जाक म्हणजे लुटारू. काकूंना ते व्युत्पत्तीतलं काही माहीत नव्हतं. शब्दाचं वजन मात्र त्यांना बरोबर कळलं होतं.

तर ताई, इतिवृत्तात मी असं लिहीन : ‘रंगकामाच्या खर्चाबाबत सभासदांनी पावत्यांची मागणी केली. खजिनदारांनी आपली बाजू मांडली. या विषयावर बराच वेळ वाद झाला.’ आधी दोघांनी काय म्हटलं ते, मग ‘झाला’. पावत्या केव्हा दाखवायचं ठरलं असेल तर ती तारीखही घाला. पुढच्या सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय येईल, तेव्हा सगळ्यांसमोर जुनी ओळ खोडून ही वाचून दाखवा, आणि त्या खोडलेल्या ओळीशेजारी अध्यक्षांची सही घ्यायला विसरू नका.