आईने विचारले आहे, उत्तर तुम्हाला द्यावे लागेल

ताई,
माझे वय पंचावन्न आहे. जुन्या कृष्णधवल भयपटांतील पात्रांच्या फिगर, म्हणजे छोट्या प्रतिकृती, मी जमवतो: ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, ममी, वुल्फ मॅन. कपाटात चाळीसहून अधिक आहेत आणि सगळ्या सीलबंद आहेत. हा नाद मामामुळे लागला. तो जहाजावर नोकरीला होता. मी आठ वर्षांचा असताना त्याने ऑरोरा कंपनीचे राक्षसाचे मॉडेल किट आणले आणि सुट्टीत माझ्याबरोबर बसून ते जोडले, रंगवले. पुढे वडिलांची बदली झाली, ट्रकमध्ये जागा नव्हती, आणि मी शाळेत असताना आईने ते मॉडेल इतर खेळण्यांसह शेजारच्या मुलांना देऊन टाकले. मामा आता हयात नाही. गेल्या वर्षी तेच किट, त्या काळातले, न उघडलेले, मला मिळाले. पार्सल नेहमीप्रमाणे कार्यालयाच्या पत्त्यावर मागवले, कारण खर्चाचा आकडा पत्नीला सांगण्याचे धैर्य नव्हते. खोके हातात आले तेव्हा काहीच वाटले नाही, म्हणून मी आणखी काही फिगर मागवल्या. आई आता आमच्याकडे राहते. परवा तिने कपाट पाहिले आणि विचारले, “मी ते देऊन टाकले, त्याचा तुला एवढा राग होता का रे?” मी “आता बोलून काय उपयोग” म्हणालो आणि कपाट बंद केले. तेव्हापासून झोप लागत नाही. हा पोरकटपणा आहे का? सगळे विकून टाकू का? आणि ते सीलबंद किट उघडावे का?
– एक संग्राहक

संग्राहक महाशय,

पोरकटपणाचा प्रश्न मी लवकर निकालात काढते, कारण तुमची झोप त्याने उडालेली नाही. ज्या चित्रपटांच्या पात्रांवर तुम्ही जीव लावला, ते मुळात मोठ्यांसाठी काढलेले होते. ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे दोन्ही १९३१चे, ‘द ममी’ १९३२चा, ‘द वुल्फ मॅन’ १९४१चा. १९५७मध्ये असे बावन्न जुने चित्रपट अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्रांना एकगठ्ठा दाखवण्यासाठी देण्यात आले आणि आजीआजोबांच्या पिढीला घाबरवणारी ही पात्रे नातवंडांची लाडकी झाली. त्यानंतर मासिके निघाली, मुखवटे निघाले आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑरोराची किट निघाली. म्हणजे तुमच्या मामाने ते खोके आणले तेव्हाही त्यातला राक्षस चाळीसहून अधिक वर्षांचा जुना होता. या वस्तूंचा इतिहास समजून घेणे, रंगभूषाकार जॅक पियर्सने राक्षसाची भूमिका करणाऱ्या बोरिस कार्लॉफच्या कपाळाला तो सपाट, चौकोनी आकार कसा दिला हे बारकाईने पाहणे, एका साच्यातून निघालेली फिगर दुसऱ्या साच्यातल्या फिगरपेक्षा कशी वेगळी आहे ते ओळखणे, हा प्रौढ माणसाचा छंद आहे आणि त्याबद्दल कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. (त्यांतल्या काही फिगर मला अगदीच ओबडधोबड वाटतात. पण हा माझ्या आवडीचा भाग झाला, तुमच्या दोषाचा नव्हे.)

आता ज्या वाक्यापाशी मी थांबले त्याकडे वळते. मूळ किट हातात आले, काहीच वाटले नाही, म्हणून तुम्ही आणखी फिगर मागवल्या. या ‘म्हणून’पाशी छंद संपला आहे आणि शोध सुरू झाला आहे. शोध ज्या वस्तूचा आहे ती विकत मिळण्यासारखी नाही, आणि याचे कारण भावनिक नसून अगदी व्यावहारिक आहे. ऑरोराच्या खोक्यात राक्षस नसतोच. त्यात पॉलिस्टायरीन या कडक प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले सुटे भाग असतात: डोक्याचे दोन अर्धे, हात, कोटाच्या पाठीचा तुकडा, थडगे. राक्षस होतो तो कोणीतरी ते भाग तोडून, घासून, गोंदाने जोडून, रंग लावल्यावर. तुम्ही जे हरवले ते आठ वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या मामाने मिळून केलेले होते. त्यावर बहुधा गोंदाचे ओघळ होते, रंग कडेबाहेर गेलेला होता, कदाचित एखाद्या बोटाचा ठसाही उमटला होता. तशी वस्तू जगात एकच होती. जे सीलबंद खोके तुम्ही मिळवले आहे ते त्या वस्तूच्या जन्माच्याही आधीचे आहे, आणि ते हातात घेऊन काही वाटले नाही यात मला नवल वाटत नाही. तुमचे मन कोरडे पडलेले नाही. त्याने दोन वस्तूंमधला फरक अचूक ओळखला आहे.

शिवाय आठवण स्वतःच असे सुटे भाग जोडत असते. बहुतेकांच्या मनातला हा राक्षस हिरवा असतो आणि दोन्ही हात समोर ताठ धरून चालतो. १९३१चा चित्रपट मात्र कृष्णधवल आहे आणि त्यात कार्लॉफ तसा चालत नाही. हात पुढे करून चाचपडण्याची ती ढब १९४३च्या एका पुढच्या भागातून आली. त्या भागात राक्षस आंधळा झालेला असणार होता, भूमिका १९३१च्या ड्रॅक्युलाने, म्हणजे बेला लुगोसीने, केली होती, आणि आंधळेपणाचा उल्लेख करणारे संवाद कापले गेल्यामुळे फक्त ती ढब मागे उरली. ऑरोराच्या किटनेही तेच पुढे आलेले हात उचलले. मूळ रूप म्हणून आपण ज्याच्यामागे धावतो ते पुष्कळदा नंतर चिकटवलेले असते, हे तुमच्यासारख्या जाणकाराला मी सांगायला नको. तरीही सांगते, कारण मॉडेल देऊन टाकल्याच्या घटनेची जी आवृत्ती तुम्ही एवढी वर्षे जपली आहे, तीही तपासून पाहायला हवी.

त्या आवृत्तीत एक मुलगा शाळेतून घरी येतो आणि त्याचे मॉडेल गेलेले असते. ती खरी आहे आणि त्या मुलाचा रागही खरा आहे. कोणी त्याला विचारले नाही, सांगितलेही नाही. तुमच्या आईची अडचण समजून घेतली तरी हे चूकच होते, असे मी स्पष्ट म्हणते. पण त्याच घरात एक स्त्रीही होती, जिला नवऱ्याच्या बदलीचा हुकूम आल्यावर अख्खा संसार एका ट्रकमध्ये बसवायचा होता, आणि काय ठेवायचे व काय सोडायचे याचा निर्णय बहुधा एकटीनेच घ्यायचा होता. तिने त्या दिवशी स्वतःचे काय मागे सोडले, हे तुम्ही तिला कधी विचारले आहे का? तुमच्या पत्रात त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही. आणि दुसरी गोष्ट, जी तुम्ही लिहिली आहे पण पाहिलेली दिसत नाही: ज्या मामाने ते मॉडेल आणले आणि तुमच्याबरोबर जोडले, तो तिचा भाऊ होता. भावाच्या हातची वस्तू तिनेही घराबाहेर दिली आहे, आणि तो भाऊ आता नाही. तो सुट्टीत तुमच्याजवळ गोंद आणि रंग घेऊन बसलेला असे, हे आठवणारी तुमच्याखेरीज जगात बहुधा ती एकटीच उरली असेल. तुम्ही चाळीस सीलबंद खोकी जमवलीत आणि जिच्याकडे खरा साठा आहे तिच्यासमोर कपाट बंद केलेत.

तिने तुम्हाला सरळ प्रश्न विचारला आहे. एवढ्या वर्षांनी, या वयात, तो विचारणे सोपे गेले नसणार. त्याला उत्तर द्या, आणि खरे द्या. “नाही गं, राग कसला” असे म्हणू नका. ते तिला पटणार नाही आणि विषय कायमचा मिटेल. “हो, होता. खूप होता. मला विचारायला हवे होतेस,” एवढे म्हणा आणि थांबा. ती रडेल, चिडेल किंवा त्या ट्रकची हकिकत सांगू लागेल. जे होईल ते होऊ द्या, मध्ये स्पष्टीकरण घालू नका. त्यानंतर, त्याच बैठकीत किंवा दुसऱ्या दिवशी, तिला मामाबद्दल विचारा. तो जहाजावरून यायचा तेव्हा काय घडायचे, लहानपणी तो कसा होता, तुम्हा दोघांना गोंद सांडताना पाहून ती काय म्हणायची. हे सारे तुमच्या कुठल्याही विक्रेत्याकडे मिळणार नाही, आणि आईच्या वयाचा विचार करता हे पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

पत्नीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण इथे गुंतागुंत काहीच नाही. कार्यालयाच्या पत्त्यावर पार्सल मागवणे हे लपवणे आहे. आजवरचा एकूण खर्च कागदावर मांडा, तो तिच्यासमोर ठेवा, आणि यापुढे वर्षाला किती खर्च करायचा ते दोघांनी मिळून ठरवा. तो आकडा ठरेपर्यंत एकही फिगर मागवू नका. ती रागावली तर बरेचसे रागावणे लपवण्याबद्दल असेल, आणि ते तुम्हाला ऐकून घ्यावे लागेल.

सगळे विकून टाकू नका, निदान आता नाही. झोप न लागणाऱ्या माणसाने केलेली विक्री ही बहुधा स्वतःला दिलेली शिक्षा असते, आणि तिचा पश्चात्ताप होऊन तो दुप्पट खरेदी करतो. मात्र ‘सीलबंद म्हणजे सुरक्षित’ हा समज सोडून द्या. मऊ व्हिनाइल प्लास्टिकला लवचीक ठेवणारी द्रव्ये कालांतराने बाहेर झिरपतात आणि फिगर चिकट होते. बंद वेष्टनात तर ही चिकटी आतच साठून राहते. उन्हाने रंग उडतो, पांढरे प्लास्टिक पिवळे पडते. तेव्हा एकेक खोके काढून त्याची अवस्था पाहा, आणि पाहताना स्वतःला एवढेच विचारा की ही फिगर मला आवडते म्हणून घेतली होती की त्या दिवशी काहीतरी भरून काढायचे होते म्हणून. पहिल्या प्रकारच्या ठेवा, जमल्यास उघडून, हाताळता येतील अशा ठेवा. दुसऱ्या प्रकारच्या सावकाश विका आणि आलेला पैसा पत्नीसमोर मांडलेल्या हिशेबात जमा करा. ड्रॅक्युलाच्या फिगर मात्र घाईने बाजूला काढू नका. लुगोसीच्या वारसांनी त्याच्या चेहऱ्याच्या हक्कासाठी युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीशी लढलेला खटला १९७९मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तिथे वारस हरले, पण काही वर्षांतच तिथला कायदा बदलला. त्यामुळे कोणत्या काळातल्या ड्रॅक्युलाला कोणाचा चेहरा आहे, हे पाहण्यात तुमच्यासारख्याला मजा येईल.

राहिले ते मूळ किट. ते उघडू नका. ते उघडून तुम्हाला मामा भेटणार नाही, आणि त्या काळातले अखंड खोके हा ज्याला केवळ संग्रह करायचा आहे त्याच्यासाठी मोलाचा ठेवा आहे. तुमच्या यादीत विकण्याजोगी पहिली वस्तू बहुधा तीच ठरेल. ऑरोरा बंद पडल्यावर तिचे पुष्कळ साचे मोनोग्रॅम कंपनीकडे गेले, आणि त्या किटच्या नव्या आवृत्त्या पुढे वेळोवेळी निघत राहिल्या. तसे एखादे नव्याने काढलेले, साधे, कोणी हळहळणार नाही असे किट घरच्या पत्त्यावर मागवा. पॉलिस्टायरीनचा गोंद वापरताना खिडकी उघडी ठेवा, जोडण्यापूर्वी भागांच्या कडा घासून घ्या, आणि रंगवायला बसाल तेव्हा आईला शेजारी खुर्ची द्या. राक्षसाच्या कोटाला मामाने कोणता रंग दिला होता हे तिला आठवत असण्याची शक्यता आहे.

– ताई