आधी रिकामी जागा बघून ये

बेटा,

तुझ्या बाईंच्या फोटोशूटसाठी काल रात्री तू पाठवलेली अकरा जागांची यादी बघितली. मेहरूण तलाव, लांडोरखोरी, गांधी तीर्थ, वाघूर धरण, पाटणादेवी, शेवटी तर थेट तोरणमाळ. खाली प्रश्न, "काका, यातली बेस्ट कोणती?" मी विचारलं, यातल्या किती ठिकाणी तू स्वतः जाऊन आलीस? म्हणालीस, दोन. बाकीच्या नऊ रीलमधल्या. राग आला तो त्या नऊचा.

रीलमध्ये दिसते ती कुणाची तरी एक संध्याकाळ असते. त्या दिवशी पाणी किती होतं, ऊन कुठून येत होतं, मागे भेळेची गाडी होती की नव्हती, हे कॅमेरेवाला सांगत नाही. म्हणून माझं एकच म्हणणं: ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी, एक-दोन दिवस आधी, गिऱ्हाईक न घेता जा आणि रिकामी जागा बघून ये. कॅमेराही नको. (एकटी जा असं म्हणत नाही, भावाला किंवा मैत्रिणीला ने. फक्त फोटो काढत बसू नका.)

वेळेचं एवढं का, ते सांगतो. आपलं घड्याळ चालतं 82.5 अंश रेखांशावर, जळगाव आहे साधारण 75.5 वर. म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. मे अखेरीस तर तो अगदी डोक्यावर असतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि सकाळी साडेआठनंतरच्या उन्हात चेहरा उघडत नाही. डिसेंबरात हाच सूर्य भर दुपारीही 45 अंशांच्या आसपासच चढतो. मग अकरा वाजताही काम होतं. आणि मावळतीही जागेवर राहत नाही. जूनमध्ये पश्चिमेच्या उजवीकडे 25 अंश, डिसेंबरात डावीकडे तेवढीच. दिवाळीत ज्या झाडामागून सोनेरी ऊन आलं, त्या झाडाच्या भरवशावर उन्हाळ्यातलं बुकिंग घेऊ नकोस. जाऊन बघ.

पायाखालची जमीनही बघ. आपली कपाशीची काळी माती उजेड पिऊन टाकते, हनुवटीखाली काहीच परत येत नाही. तेच समोर चुना मारलेली भिंत असली की चेहऱ्यावर उजेड परत फेकणारा रिफ्लेक्टर उघडायची गरज नाही. केळीच्या बागेचं वेड मला माहीत आहे, आपल्याकडे कुणाला नसतं? पण आत, पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो आणि तो गालावर बसतो. माणूस बांधावर, उघड्या आभाळाकडे तोंड करून उभा कर. बाग मागे राहू दे. परवानगीचंही त्याच फेरीत विचारून घे. पाटणादेवी अभयारण्यात आहे, पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, खासगी आवारात तर विचारावंच लागतं.

हे मी पैसे मोजून शिकलो. खरं तर दुसऱ्याचे पैसे मोजून. एका ऑक्टोबरात चांगदेवला गेलो होतो. तापी-पूर्णेचा संगम, डोळे भरून पाणी. पुढच्या मे महिन्यात भुसावळचं एक कुटुंब तिथे नेलं, आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून. मधल्या काळात मी एकदाही तिकडे फिरकलो नव्हतो. पाणी पार मागे सरकलेलं, मध्ये भेगाळलेला गाळ. आजोबा त्या उन्हात कोट घालून आले होते. परत चला म्हणायची मला लाज वाटली, म्हणून दोघांना गाळात उतरवलं. जवळजवळ प्रत्येक फोटोत दोघांची नजर पायाकडे आहे. ॲडव्हान्स मी परत केला नाही, तेही सांगून टाकतो.

तेव्हापासून अडून बसतो. एक फेरी नाही तर शूट नाही. दिवसाला तीन शूट मारणारी पोरं गावात आहेत, मी महिन्याला तीन घेतो. आमची ही म्हणते, "मिळतं त्यापेक्षा पेट्रोल जास्त जातं." जात असेल. दोन लग्नांच्या ऑर्डरी या हट्टापायी गेल्या, त्याचं वाईट वाटतं असं मी कधी कुणाला म्हटलेलं नाही. पण माझ्या फोटोत आता कुणी पायाकडे बघत नाही.

आता तुझ्या बाईंचं. निवृत्त मुख्याध्यापिका, गुडघे दुखतात, हे तूच सांगितलंस. मग पाटणादेवी यादीत आली कशी? अख्खी सकाळ गाडीत, वर चालणं, आणि तिथे पोचल्यावर तू 85 एमएमची लेन्स 1.8 वर उघडून तीन मीटरवर उभी राहणार. त्यात मागचं सगळं धूसर होतं, मागचा डोंगर म्हणजे नुसता हिरवा धूर. तो धूर तुला मेहरूणच्या कडेलाही मिळेल, फक्त फिरायला येणाऱ्यांची वर्दळ कधी ओसरते ते जाऊन बघ.

आणि बाराव्या जागेचं नाव यादीत नाहीच. बाईंनी जिथे नोकरी केली ती शाळा. आवारात झाड असेल, भिंत असेल. बाईंनाच विचार, सुट्टीत त्या कुठे उभ्या राहायच्या. मग शनिवारी संध्याकाळी साडेपाचला जाऊन त्या जागी स्वतः उभी राहा, अर्धा तास. आल्यावर फोन कर. फोटो पाठवू नकोस, काय दिसलं ते तोंडाने सांग.

तुझा
काका