वाचक विचारतात : हॉस्टेल, मेस आणि कोकणातला पाऊस

अ‍ॅडमिशनचे दिवस आहेत त्यामुळे यावेळी जवळजवळ सगळी पत्रं हॉस्टेलचीच आली, बाकीच्यांना पुढच्या अंकात उत्तरं देते. मी स्वतः कोकणातल्या एका कॉलेजच्या हॉस्टेलवर बरीच वर्षं रेक्टर होते, तेव्हा कुठे जरा लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मुलीला दापोलीला अ‍ॅग्रीला अ‍ॅडमिशन मिळालीये. कॅम्पसवरच्या हॉस्टेलला नंबर लागतोय पण तिच्या मैत्रिणी म्हणतात तिथे बंधनं फार, गावात चौघी मिळून फ्लॅट घेऊ. काय करावं?
– एक आई, कराड

उत्तर : पहिलं वर्ष तरी कॅम्पसवरच राहू दे. बंधनं असतात हे खरंय, गेट बंद व्हायची वेळ असते, बाहेर जाताना रजिस्टरमध्ये सही करावी लागते, घरी यायचं तर तुमचा होकार लागतो, आणि अठरा वर्षांच्या मुलीला ते जाचतंच, त्यात तिचं काही चूक नाही. पण दापोलीचा पाऊस तुम्ही बघितलेला दिसत नाही. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्येच, तेव्हा सकाळी शेतावर प्रॅक्टिकल असलं की गावातून रिक्षा शोधत येणारी मुलगी पोचेपर्यंत निम्मी भिजलेली असते आणि मग दिवसभर तसेच ओले कपडे अंगावर. हॉस्टेलवरची रूमवर जाऊन कपडे बदलून येते. शिवाय रात्री ताप चढला तर हॉस्टेलवर उठवायला कोणीतरी असतं. आणि फ्लॅटचं म्हणाल तर चौघींतली एक मधेच सोडून गेली की तिचं भाडं उरलेल्या तिघींच्या डोक्यावर बसतं, डिपॉझिटवरून मैत्री तुटते ती वेगळीच. दुसऱ्या वर्षी तिला वाटलं तर बघा फ्लॅटचं, तोवर गाव ओळखीचं झालेलं असेल.

आता सामानाचं सांगते कारण कराडच्या हिशोबाने बॅग भरलीत तर फसाल. जीन्स एकच द्या, ती पावसात चार चार दिवस वाळत नाही, पातळ पटकन सुकणारे कपडे जास्त द्या. जाड कापसाची गादी नको, ओल धरते आणि कुबट वास मारतो. लेदरची पर्स, बूट, बेल्ट यांच्यावर आठवड्यात हिरवी बुरशी येते. चिवडा, शंकरपाळ्या घट्ट झाकणाच्या डब्यातच, पिशवीत दिलंत तर दोन दिवसांत मऊ. मूळ मार्कशीट आणि दाखले घरीच ठेवा, तिच्याकडे झेरॉक्स. छत्री द्याच पण रेनकोटही द्या कारण वाऱ्यात छत्री उलटी होते. आणि गमबूट. भातलावणीच्या प्रॅक्टिकलला चिखलात उतरावं लागतं, पायाला जखम असली की लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) भीती असते, म्हणून पावसात ताप आला तर गोळी खाऊन झोपून राहायचं नाही, डॉक्टरकडे जायचं आणि शेतात पाण्यात उतरले होते हे आपणहून सांगायचं.

बूट घालायच्या आधी झटकायची सवय लावा. विंचू हा इथे चेष्टेचा विषय नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली आणि त्यामुळे कितीतरी जीव वाचले, 2022 ला त्यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तर चावला तर मंत्र-बिंत्र, कांदा-बिंदा नाही, सरळ दवाखाना. पण घाबरून मुलीला परत बोलावू नका, इतकी मुलं तिथे राहतायत. आणि पावसात तिला भेटायला निघालात तर कुंभार्ली घाटात दरड आलीये का ते आधी फोन करून विचारा.

प्रश्न : मी विदर्भातला, कोकणातल्या कॉलेजात शिकतो. मेसमध्ये दोन्ही वेळा भात, रविवारी मासे, आणि पावसाळ्यात सुकटीचा (सुक्या मासळीचा) वास. मी शाकाहारी आहे. पोट भरत नाही, वजन उतरलंय. मेस बदलायचा ऑप्शन नाही.
– उपाशी, नाव नको

उत्तर : हे भांडण कोकणातल्या हॉस्टेलांइतकंच जुनं आहे, मी यातल्या दोन्ही बाजूंचे आरडेओरडे ऐकलेत. घाटावरची मुलं म्हणतात भाताने पोट भरत नाही, आमची मुलं म्हणतात भाताशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही. सुकटीचं कारण साधं आहे, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते म्हणून ताजी मासळी महाग आणि कमी, मग मेसवाला सुकट, सोडे काढतो. तुला वास सहन होत नाही ते समजू शकते, पण ते त्यांचं घरचं जेवण आहे रे, वासावरून कोणाला टोमणा मारलास तर वर्षभराचं वैर घेशील.

तुझी खरी तक्रार आहे की तू पूर्ण पैसे भरतोस आणि तुला अर्धंच जेवण मिळतं. ती तोंडी करू नको. तुझ्यासारखी अजून मुलं असणारच, त्यांच्या सह्या घे आणि मेस कमिटीला लिहून दे. काय मागायचं तेही नेमकं लिही, 'जेवण सुधारा' असं लिहिलंस तर कागद फायलीत जाईल. आठवड्यातून दोनदा तरी ज्वारीची नाहीतर तांदळाची भाकरी, मासे असतील त्या दिवशी शाकाहाऱ्यांना उसळ किंवा पनीर किंवा दोन अंडी, अंडं खात असशील तर, आणि शाकाहारी जेवणाला वेगळा डाव, म्हणजे वाढायची पळी. हा शेवटचा मुद्दा कोणी लिहित नाही आणि निम्मी भांडणं त्याच डावावरून होतात. खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचा नियम पण विचारून घे, किती दिवस आधी कळवलं की बिलातून पैसे कापले जातात, कारण बरीच मुलं घरी जातात, खाडा लावत नाहीत आणि महिन्याच्या शेवटी बिल बघून ओरडतात.

तोवर घरून तिळाची चटणी, जवसाची चटणी, भाजलेले दाणे मागव. रूममध्ये इंडक्शन लावू नको. सगळे लावतात मला माहितीये, पण पावसात भिंतीला ओल असते, वायरिंग जुनं असतं, आणि एका प्लगवर इंडक्शन, रॉड, लॅपटॉप असं सगळं लटकलेलं मी बघितलंय. वजन अजून उतरत असेल तर डॉक्टरला दाखव, सगळंच मेसवर ढकलू नको.

प्रश्न : सीनियर रात्री 'इंट्रो' घ्यायला बोलावतात. मारत नाहीत पण दोन दोन तास उभं करतात, घाणेरडं बोलायला लावतात. तक्रार केली तर पुढची तीन वर्षं त्यांच्यासोबतच काढायचीयत. हे रॅगिंग आहे का?
– फर्स्ट इयर, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : हो. मारलं तरच रॅगिंग असं काही नाही. महाराष्ट्रात 1999 पासून याच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, कॉलेजातून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडे अ‍ॅडमिशन नाही. त्यावर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2009 चे नियम आहेत, अ‍ॅडमिशनच्या वेळी तू आणि तुझ्या पालकांनी जे शपथपत्र भरलं ना, ते त्यातूनच आलंय, आणि तुझ्या सीनियरनीही ते भरलेलं आहे. नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवावं असंही त्यात आहे, ते झालं नसेल तर तेही विचार.

हेल्पलाइन 1800-180-5522, चोवीस तास चालू, नाव न सांगता बोललास तरी चालतं. पण आधी कोण, कधी, कुठे, कोणासमोर हे रोजच्या रोज लिहून ठेव आणि ते लिहिलेलं आजच घरच्यांना पाठव. तुझ्यासोबत उभे केलेले बाकीचे पण असतील, दोघेतिघे मिळून गेलात तर तू एकटा निशाण्यावर येत नाहीस. तीन वर्षांचं म्हणशील तर माझा अनुभव असा की गप्प बसणाऱ्यालाच ते परत परत बोलावतात. रेक्टर 'अरे मस्करी असते' म्हणाले तर तोंडी बोलणं तिथेच थांबव आणि प्राचार्यांना लेखी दे, कॉपीवर पोचल्याची सही घे. लेखी तक्रारीकडे दुर्लक्ष केलं तर त्यांच्यावरही येतं, हे त्यांना चांगलं माहीत असतं.

प्रश्न : रूममेट रात्री दोनपर्यंत व्हिडिओ कॉलवर असते, लाइट चालू. मी पहाटे उठणारी. सांगितलं तर फुगते.
– सावंतवाडी

उत्तर : कसं सांगितलंस ते लिहिलं नाहीस. रात्री दोन वाजता वैतागून सांगितलेलं कोणालाच पटत नाही. दुपारी चहाला घेऊन जा आणि वेळ ठरवा, अकरानंतर ट्यूबलाइट बंद, तिला टेबल लॅम्प, कॉल करायचा तर कॉमन रूममध्ये नाहीतर व्हरांड्यात. बदल्यात तू पण काहीतरी दे, तुझा पहाटेचा अलार्म पाच वेळा वाजतो का ते तिला विचार, मला शंका आहे. महिन्याभरात फरक नाही पडला तर सेमिस्टर संपताना रूम बदलून माग, तेव्हा जागा रिकाम्या होतात.

प्रश्न : वडील शेतकरी, हॉस्टेलची फी जड जाते. काही मदत मिळते का?
– देवगड

उत्तर : महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघ, अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना त्यात मिळतं. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातीच्या मुलांना स्वयम्. सातबारा, उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं आत्ताच तयार ठेव, तहसीलमध्ये अ‍ॅडमिशनच्या दिवसांत केवढी गर्दी असते ते तुला माहीतच असेल.

प्रश्न : गणपतीत सगळे घरी जातात, मेस बंद. मी लातूरची, एवढ्या सुट्टीत जाऊन येणं परवडत नाही. एकटी राहू का हॉस्टेलवर?
– चिपळूण

उत्तर : राहायचं तर रेक्टरना लेखी कळव, त्या दिवसांत वॉचमन आणि पाणी दोन्ही असणार का ते आधी विचार. पण मी म्हणेन वर्गातल्या कुठल्या तरी मुलीच्या घरी जा. आपण कसं विचारायचं म्हणून लाजू नको, गणपतीत कोकणातल्या घरात एक माणूस जास्त आलं तर कोणाला कळतही नाही, ओटीवर झोपायला जागा असते आणि जेवायला पंगतच असते. फक्त एक विचारून ठेव, तू शाकाहारी असशील तर. गौरीला बऱ्याच घरांत तिखटाचा नैवेद्य असतो, मटण किंवा मासे, आणि लातूरच्या महालक्ष्म्यांच्या पुरणपोळीच्या अपेक्षेने गेलीस तर पानावर बघून दचकशील. त्यांना आधी सांगितलंस तर काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे तुझ्यासाठी वेगळे काढून ठेवतील.