परदेशी जाताना फोन, इंटरनेट आणि ओटीपी : वाचकांचे प्रश्न

सुट्ट्यांचा मोसम जवळ आला की या सदराकडे परदेशप्रवासाची पत्रं वाढतात. यंदाच्या पत्रांमधल्या बऱ्याच अडचणी परदेशात उतरल्यावर समजल्या असल्या, तरी त्यांचं मूळ घरीच होतं. जे काम घरच्या वाय-फायवर दहा मिनिटांत झालं असतं, ते विमानतळावरच्या रांगेसाठी ठेवलं गेलं. म्हणून पहिलं उत्तर जरा सविस्तर दिलं आहे. बाकीच्यांनीही ते वाचावं.

प्रश्न : आम्ही दोघं टूर कंपनीबरोबर बारा दिवस पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटलीला जाणार आहोत. आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घ्यावा की ई-सिम? ई-सिम घेतलं तर बँकेचे ओटीपी कसे येणार? (विलेपार्ले)

ई-सिम म्हणजे प्लॅस्टिकचं कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम. फोनमध्ये दोन सिम ठेवा आणि दोघांना कामं वाटून द्या. भारतीय सिमकडे फक्त एसएमएस, ई-सिमकडे फक्त डेटा. रोमिंग पॅकमध्ये काहीच बदलावं लागत नाही, त्यामुळे तीन-चार दिवसांच्या कामासाठी तो सोयीचा. बारा दिवसांसाठी मात्र ई-सिम बहुतेक वेळा बरंच स्वस्त पडतं.

फोन ई-सिम घेतो का, ते आधी पाहा. *#०६# डायल करा. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकासोबत ईआयडी नावाचा ३२ आकडी नंबर दिसला तर फोनमध्ये सोय आहे. आयफोनमध्ये ती २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून आहे. अँड्रॉइडमध्ये एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या देशांतल्या आवृत्त्यांत फरक असतो, म्हणून दुकानदाराच्या शब्दापेक्षा हा कोड खरा.

तुमच्या मार्गावर खरा घोळ होतो तो स्वित्झर्लंडमध्ये. जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न घेता चालवायचा नियम आहे, पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. ‘युरोप’ असं नाव असलेल्या काही पॅकमध्ये तो देश असतो, काहींत नसतो. पैसे भरण्याआधी देशांची यादी उघडा आणि फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली ही तिन्ही नावं स्वतः वाचा. रोमिंग पॅक घेतलात तरी हे करायचंच.

आता बसवण्याची कृती. निघायच्या दोन-तीन दिवस आधी, घरच्या वाय-फायवर. विकणारी कंपनी ईमेलने क्यूआर कोड पाठवते. ईमेल त्याच फोनवर आला तर तो कोड त्याच फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन कसा करणार, इथे पुष्कळ जण अडतात. कोड दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर उघडा, नाहीतर ईमेलमध्ये खाली दिलेला पत्ता आणि ॲक्टिव्हेशन कोड हाताने टाका. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मोबाइल सर्व्हिस, ॲड ई-सिम. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, कनेक्शन्स, सिम मॅनेजर. बसल्यावर त्याला ‘प्रवास’ असं काहीतरी नाव द्या, म्हणजे दोन सिमची गल्लत होणार नाही. बहुतेक पॅकची मुदत परदेशी नेटवर्कला जोडल्यावर सुरू होते, पण काहींची बसवल्याबरोबर सुरू होते. ही एक ओळ अटींमध्ये शोधून ठेवा. आणि बसवलेलं ई-सिम चालत नाही म्हणून ते कधीही डिलीट करू नका. क्यूआर कोड बहुधा एकदाच वापरता येतो.

विमान उतरल्यावर चार गोष्टी तपासा. डेटासाठी ‘प्रवास’ निवडलेलं असावं. त्या सिमचं डेटा रोमिंग चालू असावं. बंद राहिलं तर सिग्नलच्या सगळ्या कांड्या दिसतात आणि नेट मात्र येत नाही. भारतीय सिम चालू, पण त्याचं डेटा रोमिंग बंद. आयफोनमध्ये ‘अलाउ मोबाइल डेटा स्विचिंग’ बंद, नाहीतर ई-सिमचा सिग्नल गेला की फोन गुपचूप भारतीय सिमवरून डेटा ओढू शकतो. एवढं करूनही नेट आलं नाही तर कंपनीने दिलेलं एपीएन (फोन इंटरनेटला जोडणारं सेटिंग) हाताने भरा आणि फोन बंद करून पुन्हा सुरू करा.

ई-सिम सुरू झालं की व्हॉट्सॲप कधीकधी नंबर बदलायचा का, असं विचारतं. नाही म्हणा. व्हॉट्सॲप भारतीय नंबरवरच चालू राहतं, सगळे ग्रुपही जागेवर राहतात.

डेटा किती लागेल? व्हिडिओ कॉलला मिनिटाला साधारण ५ एमबी धरा. रोज अर्धा तास नातवंडांशी बोललात तर दिवसाला दीडशे एमबी, म्हणजे बारा दिवसांत दोन जीबीच्या आत. नकाशा आणि मेसेज यांना फार लागत नाही. माणशी ५ जीबी पुरेसे व्हावेत. डेटा खरा खातात ते चित्रपट, ज्यांना एचडीमध्ये तासाला ३ जीबीपर्यंत लागतात, आणि फोटोंचा बॅकअप. आयफेल टॉवरखाली दोनशे फोटो काढले की फोन ते लगेच वर चढवायला लागतो. बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा इथे जाऊन मोबाइल डेटा आणि रोमिंग या दोन्हींसाठी मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. सकाळच्या सुप्रभातच्या चित्रांवर विकतचा डेटा जाऊ देऊ नका.

दोघांत एकच ई-सिम घेऊन हॉटस्पॉट चालवता येतो, पण तो सल्ला आम्ही देणार नाही. लूव्हर संग्रहालयाच्या गर्दीत चुकामूक झाली की एकाच्या हातात नेट नसलेला फोन उरतो, आणि गरज नेमकी तेव्हाच असते. दोन लहान पॅक घ्या.

प्रश्न : आई-बाबा पाच महिन्यांसाठी ताईकडे न्यू जर्सीला चालले आहेत. दोघांची सिम प्रीपेड आहेत. पेन्शनच्या खात्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. नंबर बंद पडू नये म्हणून काय करावं? (डोंबिवली)

या प्रश्नात पॅकच्या किमतीपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी मुदत बघा. प्रीपेडची वैधता संपली की येणारे एसएमएसही थांबतात, आणि पुढे काही महिन्यांनी नंबर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. निघण्यापूर्वी परतीच्या तारखेच्या पुढे महिनाभर जाईल असं रिचार्ज करा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डिसेंबर २०२४ च्या नियमामुळे कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅकही ठेवावे लागतात, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. बाबांना भारतीय डेटा लागणारच नाही, तेव्हा असा पॅक बरा. तिकडून रिचार्ज करायची वेळ आलीच तर तुम्ही इथून करू शकता.

मग कंपनीच्या ॲपमधून इंटरनॅशनल रोमिंग सुरू झालं आहे का ते पाहा. येणारे एसएमएस रोमिंगमध्ये साधारणपणे मोफत असतात. येणारा कॉल उचलला तर मात्र पॅक नसताना मिनिटाच्या दराने पैसे जातात. आईंना सांगून ठेवा : तिकडे भारतीय नंबरवर कॉल आला तर उचलायचा नाही, व्हॉट्सॲपवरून उलट करायचा. निघण्यापूर्वी दोन्ही फोनवर ##००२# डायल करा. त्याने कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. ते चालू राहिलं तर न उचललेला कॉलही परदेशातून परत भारतात वळवला जातो आणि त्याचे पैसे लागू शकतात.

बाबांचा फोन जुना असेल तर इथेच तपासा. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जी बंद केलं. ज्या फोनमध्ये व्होल्टी (फोर-जीवरून कॉल करायची सोय) नाही, तो तिथे कॉलसाठी निरुपयोगी ठरतो, आणि एसएमएसचाही भरवसा राहत नाही.

सिम खराब झालंय, नवं घेऊ, किंवा ई-सिम करून टाकू, असा विचार असेल तर निदान आठवडाभर आधी करा. सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक रोखण्यासाठी हा नियम आहे. निघायच्या आदल्या दिवशी सिम बदललं तर ऐन विमानतळावर ओटीपी येणार नाही. ज्येष्ठांसाठी आमचं मत प्लॅस्टिकच्या सिमच्या बाजूने आहे. फोन बिघडला तर ते काढून ताईच्या जुन्या फोनमध्ये घालता येतं. ई-सिम पुन्हा मिळवायचं तर परदेशातून ओळख पटवताना दमछाक होते.

यूपीआयबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. यूपीआय ॲप नोंदणीच्या वेळी भारतीय सिमवरून आपोआप एक एसएमएस पाठवतं आणि फोन त्या सिमशी बांधून टाकतं. म्हणून तिकडे फोन बदलू नये, ॲप काढून पुन्हा टाकू नये, आणि भारतीय सिम फोनमधून काढून डबीत ठेवू नये. सिम दिसलं नाही की ॲप पुन्हा नोंदणी मागू शकतं, आणि परदेशातून तो एसएमएस जाईलच असं नाही. बँकेत ईमेलवरही ओटीपी मिळायची सोय असेल तर शाखेत जाऊन आत्ताच चालू करून घ्या. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का, हेही बघा. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमामुळे नवं कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू होऊन येतं.

तिथल्या रोजच्या वापरासाठी ताईला तिच्या फॅमिली प्लॅनमध्ये दोन लाइन वाढवता येतील. पाच महिन्यांसाठी पर्यटकांच्या ई-सिमपेक्षा ते परवडतं.

प्रश्न : भाच्याने अमेरिकेहून पाठवलेला आयफोन वापरतो. सिंगापूरसाठी घेतलेलं ई-सिम ‘सिम नॉट सपोर्टेड’ दाखवतं. ई-सिम खोटं निघालं का? (ठाणे)

ई-सिममध्ये दोष असण्याची शक्यता कमी. फोन बहुधा तिथल्या कंपनीला लॉक केलेला आहे. सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जा आणि ‘कॅरिअर लॉक’ ही ओळ पाहा. ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं नसेल तर फोन लॉक आहे. तो उघडणं अमेरिकेतल्या त्या कंपनीच्याच हातात आहे, आणि फोनचे हप्ते पूर्ण फिटल्याशिवाय कंपन्या सहसा तो उघडत नाहीत. भाच्याला त्याच्या खात्यातून विनंती करायला सांगा. बाजारात पैसे घेऊन लॉक उघडून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : धाकटा भाऊ कामासाठी दुबईला गेला आहे. व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, पण कॉल लागत नाही. व्हीपीएन टाकावा का? (गिरगाव)

फोनमध्ये काही बिघाड नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल बंद ठेवले आहेत. मेसेज, फोटो, व्हॉइस नोट चालतात. तिथे परवानगी असलेली ॲप्स वापरा. बॉटिम, झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स चालतात. घरातल्या सगळ्यांनी त्यांपैकी एक टाकून घ्यावं आणि भाऊ निघण्यापूर्वी एकदा बोलून बघावं, हे पुढच्या वेळेसाठी.

व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता लपवून दुसरीकडून जोडून देणारं ॲप. त्याच्या फंदात पडू नका. तिथल्या २०२१ च्या सायबर कायद्यात इंटरनेटवरचा पत्ता लपवून गुन्हा करणाऱ्याला किंवा तसा गुन्हा दडवणाऱ्याला ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. नोकरीवर गेलेल्या माणसाने एका कॉलसाठी ही जोखीम घेऊ नये.

प्रश्न : कँटन फेअरसाठी ग्वांगझूला जायचं आहे. चीनमध्ये गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप चालत नाही म्हणतात. व्यापाराचं सगळं काम त्यावरच आहे. (मस्जिद बंदर)

हॉटेलच्या वाय-फायवर आणि चिनी सिमवर चालत नाही, हे खरं. पण भारतीय सिमच्या रोमिंगवर किंवा चीनबाहेरच्या कंपनीच्या ई-सिमवर साधारणपणे चालतं. रोमिंगमध्ये तुमचा डेटा ज्या कंपनीचं सिम आहे तिच्या देशातून, म्हणजे मुंबईतून, सिंगापूरहून किंवा हाँगकाँगमधून इंटरनेटवर उतरतो. चिनी टॉवर फक्त तो तिथवर वाहून नेतो. या लांबच्या फेऱ्यामुळे वेग थोडा कमी वाटेल. हाच हिशेब उलटाही लागू होतो : कॅटलॉग डाउनलोड करायला म्हणून हॉटेलचं वाय-फाय जोडलंत की जीमेल थांबेल. वाय-फाय बंद करा, ते परत येईल.

ई-सिम मुंबईतच बसवून न्या. विकणाऱ्यांच्या साइट तिथे उघडतीलच असं नाही. अलीपे आणि वीचॅट ही तिथे पैसे द्यायची दोन्ही ॲप्सही इथेच टाका, पासपोर्टने ओळख पटवा आणि कार्ड जोडा, कारण त्याचे ओटीपी इथे विनासायास येतात. २०२३ पासून दोन्हींना परदेशी व्हिसा आणि मास्टरकार्ड चालतं. अलीपेवर २०० युआनपर्यंतच्या खर्चाला जादा शुल्क नाही, त्यापुढे ३ टक्के लागतं. नकाशासाठी गूगलवर अवलंबून राहू नका. चीनमध्ये त्याचे रस्ते आणि तुमची जागा एकमेकांवर नीट बसत नाहीत, रस्त्याच्या पलीकडची इमारत अलीकडे दिसते. आयफोनवर ॲपल मॅप्स तिथे चांगलं चालतं. हॉटेलचं नाव-पत्ता चिनी लिपीत स्क्रीनशॉट काढून ठेवा, टॅक्सीत तो दाखवला की झालं.

प्रश्न : हॉटेलचं वाय-फाय जोडलं जातं, पण खोली क्रमांक विचारणारं पान उघडतच नाही. (मुलुंड)

व्हीपीएन बंद करा. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ ऑटोमॅटिकवर आणा. मग वाय-फाय ‘फरगेट’ करून पुन्हा जोडा. तरी पान आलं नाही तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा. ही साइट मुद्दाम साधी ठेवलेली असल्यामुळे हॉटेलचं पान तिच्या जागी येतं. त्या पानाने एखादं सर्टिफिकेट किंवा ॲप टाकायला सांगितलं तर टाकू नका, आणि बँकेचं काम आपल्या मोबाइल डेटावरच करा.

प्रश्न : क्रूझवर डेटा बंद ठेवूनही रोमिंगचं बिल आलं. असं कसं? (बोरिवली)

खोल समुद्रात फोनला जहाजावरचा छोटा टॉवर सापडतो, आणि तो उपग्रहाला जोडलेला असतो. डेटा बंद असला तरी आलेला कॉल उचलला किंवा एसएमएस पाठवला की त्याचे पैसे लागतात, आणि साधे रोमिंग पॅक बहुधा तिथे लागू नसतात. काही विमानांतही अशीच सोय असते. जहाज बंदर सोडताना फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फाय वेगळं चालू करा आणि जहाजाचं वाय-फाय हवं असेल तर तेवढंच विकत घ्या. पुढच्या बंदराला लागल्यावर एअरप्लेन मोड काढा. अडकलेले ओटीपी आणि मेसेज तेव्हा येतील, पण ओटीपीची मुदत तोवर संपलेली असणार, म्हणून पैशांचे व्यवहार बंदरावर असतानाच उरका.